बाई टेकडी उतरली तेव्हा

प्रिय बाई,

नमस्कार आधीच करून घेते. पुढं जे लिहिणार आहे ते वाचल्यावर तू तो घेशील की नाही, सांगता येत नाही.

पत्र बघून घाबरू नकोस. इथं सगळे ठीक आहेत, कुणाला काही झालेलं नाही. हातात फोन असताना ही पोरगी कागद कशाला काळे करतेय, असं तुला वाटेल. पण फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ते तू कबूलही करत नाहीस. मी काहीही बोलले की तू ‘व्हय, व्हय, बरंय’ म्हणतेस आणि ‘ठिवते’ म्हणून ठेवून देतेस. मागच्या आठवड्यात मी विचारलं, गुडघा कसा आहे, तर तू म्हणालीस, ‘व्हय, हरभरा काढायला आलाय.’ मला आधी हसू आलं, मग नाही आलं. म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. डोळा आता चांगला झालाय, तेव्हा पोथी वाचतेस तसं ओळीखाली बोट धरून सावकाश वाच, आणि एकटीच वाच. पाकीट पुंडलिकच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय, म्हणून ते चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बंद केलंय. कुणाचाही कागद ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायची त्याची हौस मला माहीत आहे. माझा बारावीचा निकाल त्याच्या कृपेनं मला कळायच्या आधी अख्ख्या गल्लीला कळला होता.

आज मी रजा टाकलीय. तनुजा क्लासला गेलीय, सुदर्शन कंपनीत. घरात कुणी नाही आणि मला काही सुचत नाही, म्हणून स्वयंपाकघरातच पाटावर बसून लिहितेय, तू बसायचीस तिथं. गॅलरीत तेलाच्या डब्यात तू लावलेल्या कढीपत्त्याला नवी पानं आली आहेत. मी त्याला पाणी घालायला दोनदा विसरले, पण तो काही रुसला नाही. तनुजाची परीक्षा जवळ आलीय. तुझ्या पलंगावर तिनं पुन्हा पुस्तकं पसरली आहेत, आणि आता म्हणते की खोली फार शांत झालीय, झोप लागत नाही. तुझ्या घोरण्यामुळं झोप लागत नाही अशी तक्रार करणारी हीच. पोरीच्या तक्रारींना काही धरबंध नाही. सुदर्शननं तुझ्या तिळाच्या चटणीची बरणी फ्रिजमध्ये सगळ्यात मागं, दह्याच्या भांड्याआड लपवून ठेवलीय. संपेल म्हणून चमच्याच्या टोकावर घेतो. त्याच्याबद्दल मला पुढं बरंच लिहायचंय, पण आत्ताच नको.

आप्पा गेल्यावर तू आधी अजिनाथदादाकडं चाकणला गेलीस. त्या अकराव्या मजल्यावर तुझा जीव रमला नाही. खिडकीतून खाली बघितलं की पोटात गोळा येतो म्हणायचीस. मग डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडं आलीस. त्या ऑपरेशनचं तुला किती बरं वाटलं होतं, ते मला आता कळतंय. लेकीच्या घरी नुसतं राहायचं म्हणजे तुझ्या जिवावर येतं. पण डोळ्यासाठी आलेय म्हटलं की कुणाला तोंड द्यावं लागत नाही. डॉक्टरांनी थेंब बंद करायला सांगितले, बाटली कधीच संपली, तरी ती रिकामी बाटली तू देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवून दिलीस. मी दोनदा कचऱ्यात टाकली, दोन्ही वेळा तू ती धुऊन परत ठेवलीस. वैजापूरच्या लीलाबाई आत्या आल्या तेव्हा त्यांनी विचारायच्या आधीच तू ती बाटली हातात घेऊन दाखवलीस, ‘अजून औषध चालू हाय.’ मी आत चहा करताना तोंडाला पदर लावून हसले. म्हातारी किती बनेल आहे, असं सुदर्शनला सांगितलंसुद्धा. तुला अजून राहायचं आहे, एवढा सरळ अर्थ माझ्या डोक्यात आला नाही.

आणि फुकट खायचं नाही, हा तुझा दुसरा हट्ट. गहू निवडून झाले, तांदूळ निवडून झाले, मग तू निवडलेले गहू परत निवडायला घेतलेस. भांडीवाली यायच्या आत भांडी घासून मोकळी. जुन्या साड्यांच्या गोधड्या एवढ्या झाल्या की कपाट बंद होईना. त्यातच ते तळमजल्यावर नवीन भाडेकरू आलेल्या बाईंचं झालं. आम्ही पहिल्यापासून तुला बाईच म्हणतो. काका आणि आत्या म्हणायचे, ते ऐकून मी आणि दादा म्हणायला लागलो. त्या भाडेकरू बाईनं जिन्यातून मला ओरडताना ऐकलं असेल, ‘बाई, पोळ्या झाल्या का गं?’ आणि तुला गाठून विचारलं, आमच्याकडं पण काम कराल का, काय घेता. रात्री जेवताना तू ते आम्हाला रंगवून सांगितलंस. ‘म्या म्हनलं, मला लई कामं हायेत, सवड नाय.’ आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवसापासून मी चारचौघांत तुला आई म्हणायला लागले. तू मला कधी काही बोलली नाहीस. तनुजाला मात्र म्हणाली होतीस, तिनं मला परवा सांगितलं, ‘तुझी माय मला आता आई म्हनती, मला कळतच नाय कुनाला हाक मारती.’ बाई, मला खाली जाऊन त्या बाईला एवढंच सांगायचं होतं की ही माझी आई आहे. त्याला किती वेळ लागला असता? ते सोडून मी तुझं नावच बदललं.

खरं लिहायला बसलेय तर हेही लिहिते. मला तुझा कंटाळा यायला लागला होता. तुझा म्हणजे तुझ्या आवाजांचा. पहाटेच भांड्यांचा खणखणाट, मोठ्यानं लावलेलं कीर्तन, मी ऑफिसातून दमून आले की दारातच ‘काय खाल्लं दुपारी?’ आणि उत्तर ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा तेच. मी एकच गोष्ट तीनदा ओरडून सांगायचे आणि तिसऱ्यांदा माझा आवाज चढायचा. तो चढलेला आवाज तुला बरोबर ऐकू यायचा. मग तू गप्प व्हायचीस आणि कोपऱ्यात लसूण सोलत बसायचीस. तू गप्प झालीस की मला जास्तच राग यायचा. ज्या बाईनं मला टायफॉइडमध्ये महिनाभर मांडीवर घेऊन काढलं, तिच्या लसूण सोलण्याचा मला राग यायचा. असली मी.

अशात दादाचा फोन आला. पाचोडचं घर बंद पडलंय, भिंतींना ओल धरतेय, शेत बटईनं दिलंय पण बघणारं कुणी नाही, आणि बाईचाही जीव तिकडंच असेल. तिला एकटीला जमेल का? त्यानं खरंच काळजीनं विचारलं गं, त्याच्यात काही खोट नव्हती. तो म्हणाला, तू रोज बघतेस, तू सांगशील ते खरं. तेव्हा मी तुला विचारायला हवं होतं. तू पलीकडच्याच खोलीत होतीस. पण मी त्याला म्हणाले, थांब, रविवारी तिला गोगाबाबाच्या टेकडीवर नेते. ती चढली म्हणजे कळेलच. पाचोडच्या बाजारात घेण्याआधी बैल चालवून बघतात, तसं मी तुला चालवून बघायला निघाले होते.

तुला काय सांगितलं ते माझ्या लक्षात आहे. भाजी चिरता चिरता म्हणाले, बाई, रविवारी डोंगरावर जाऊ. बघू तुला जमतं का. तू पीठ मळायची थांबलीस आणि विचारलंस, ‘आन जमलं तर?’ मी हसून म्हणाले, जमलं तर मग काय, काळजीच मिटली. तू परत पीठ मळायला लागलीस. त्या दिवशी तू कधी नव्हे ते गुणगुणत होतीस.

त्या रविवारी थंडी होती, संक्रांत तोंडावर आली होती. तू तनुजाचे बूट घातलेस. ते तुला मोठे होत होते म्हणून पुढं चिंधी कोंबलीस. वर लुगडं, कानाला मफलर, खाली गुलाबी पट्ट्यांचे बूट. पायथ्याशी गाड्या लावून ट्रॅकसूटवाली मंडळी हातपाय झटकत होती, ती सगळी तुझ्याकडं बघायला लागली. मला थोडी लाज वाटली आणि थोडा अभिमान वाटला. दोन्ही लिहिते. तू टेकडीकडं मान वर करून बघितलंस आणि म्हणालीस, ‘ह्यो कसला डोंगर, टेकाड हाय. माझ्या म्हायेरी शेळ्या बी ह्याला डोंगर म्हनायच्या न्हाईत.’ आणि कन्नडच्या डोंगरात लहानपणी शेळ्यांमागं कशी पळायचीस ते सांगत चालायला लागलीस. एवढं सगळं मी कधी ऐकलं नव्हतं. तुझ्या धाकट्या भावाला पाठुंगळी घेऊन तू डोंगर उतरायचीस, एकदा शेळी कड्यावर अडकली तर तिथंच तिच्याजवळ बसून राहिलीस आणि आजोबा शोधत आले. तुझी लेक असून मला हे काही माहीत नव्हतं. आणि मी तुझ्या मागून चालत मनात टिपून घेत होते, दम लागत नाही, बोलता बोलता चढतेय, चांगलं आहे.

अर्ध्यावर खाली उतरणारी कॉलेजची पोरं भेटली. त्यांच्यातला एक म्हणाला, ‘क्या बात है दादी, एक नंबर!’ आणि तू त्याला हात करून म्हणालीस, ‘तू बी ये परत वर, माझ्यासंगं.’ ती पोरं हसत खाली गेली. वाळलेल्या गवतातली कुसळं तुझ्या लुगड्याच्या काठाला झालरीसारखी लागली होती. मी मधे मधे विचारत होते, थांबायचं का, पाणी देऊ का. तू एकच म्हणायचीस, ‘जमतंय की. तू बघतीस ना? जमतंय.’ मी बघतेय का, हे तू चार पावलांवर वळून वळून विचारत होतीस. मला वाटलं, लहान मुलासारखी मजा येतेय तिला.

वर पोचल्यावर तू गोगाबाबाच्या देवळापुढं पदराच्या गाठीतली साखर ठेवलीस. सगळं शहर खाली धुक्यात होतं, मकबऱ्याचे मनोरे तेवढे वर आलेले, पलीकडं देवगिरी पुसट पुसट. तुला ते काही बघायचं नव्हतं. तू खाली बसलीस, माझा पाय ओढून मांडीवर घेतलास आणि माझ्या मोज्यातली कुसळं एकेक करून काढायला लागलीस. तुझ्या लुगड्याला लागलेली तशीच. मी तेव्हा काय करत होते सांगू? चढताना तुझा जो व्हिडिओ काढला होता, तो दादाला पाठवत होते. खाली लिहिलं, एकदम ठणठणीत, काही काळजी नाही. लगेच त्याचं उत्तर आलं, बाई तर आपल्यापेक्षा फिट आहे, मग संक्रांत झाली की पाचोडला सोडू. मी अंगठा पाठवला. माझा पाय तुझ्या मांडीवर होता तेव्हा हे ठरलं. तुला कळलंही नाही.

आणि मग आपण उतरायला लागलो. चढ संपला म्हणजे संपलं, असं मला वाटलं होतं. पण उतरताना तुझं बोलणंच बंद झालं. शेळ्या नाहीत, भाऊ नाही, काही नाही. तू आडवी होऊन, एका बाजूनं, आधी डावा पाय खाली आणि मग उजवा त्याला आणून लावायचा, अशी उतरत होतीस. हाताला येईल तो दगड धरत होतीस. मी वळून बघितलं की थांबायचीस आणि मफलर सारखा केल्यासारखं करायचीस. एका वळणावर मी पुढं गेले होते, तुला वाटलं मला दिसत नाहीस. तेव्हा तू दगडाला टेकून दोन्ही हातांनी गुडघा दाबत होतीस आणि ओठ आत ओढून घेतले होतेस. मला दिसलं, बाई. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, ‘बूट मोठे हायेत गं, घसरत्यात.’ मला ते खरं मानायचं होतं, म्हणून मी मानलं. फोन माझ्या खिशातच होता. उतरताना फार त्रास होतोय, थांब, नीट विचार करू, एवढं दादाला लिहायला किती अक्षरं लागली असती? मी नाही लिहिलं. तुझ्या चढण्याचा व्हिडिओ आहे माझ्याकडं, उतरण्याचा नाही.

खाली टपरीवर आपण चहा घेतला. तू बशीत ओतून फुंकर घालत होतीस, चेहरा परत हसरा केला होतास. माझ्याकडं बघत होतीस, काहीतरी ऐकायची वाट बघत असल्यासारखी. मी म्हणाले, बाई, तू तर आमच्यापेक्षा धडधाकट आहेस. दादालाही तसंच वाटतं. मग आता पाचोडला राहायला काही हरकत नाही, तुझं घर आहे, तुझी माणसं आहेत. तुला नीट ऐकू यावं म्हणून मोठ्यानं बोलले, टपरीवाल्यानंही ऐकलं असेल. बशी तुझ्या तोंडापाशीच राहिली. मग तू ती खाली ठेवलीस. मी आणखी एक वाक्य बोलले, त्याचं शेवटी लिहिते, आत्ता धीर होत नाही. तू एवढंच विचारलंस, ‘कवा निघायचं?’ मी मनात म्हटलं, बघा, किती घाई झालीय घराची.

मग तुझं सामान बांधलं. सुदर्शन तुला गाडीनं सोडायला निघाला. तू डोक्यावरून पदर घेऊन मागच्या सीटवर बसलीस, त्याच्याशेजारी नाही. तो परत आला तो तोंड पाडून. म्हणाला, मामी अख्ख्या वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. आडूळला चहाला थांबू का विचारलं तर मान हलवली. दारात सामान उतरवून घेतलं आणि आत या असंही म्हणाल्या नाहीत. माझं काही चुकलं का गं? मी म्हणाले, तुझं काही नाही, वय झालंय तिचं. त्यानंतर त्यानं तुला तीन-चारदा फोन केला, तू उचलला नाहीस. तो अजून मला विचारतो, त्या दिवशी मी गाडी जोरात चालवली का.

गेल्या गुरुवारी मी भाजी घेऊन जिना चढत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या केसरबाई दारात वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, आजी कधी येणार, दुपारचा जिना सुना वाटतो. मला कळेना, दुपारी जिन्यात काय? तर त्या म्हणाल्या, तुम्हाला माहीत नाही? टेकडीवर जायच्या आधीचा सगळा आठवडा आजी रोज दुपारी कठडा धरून खालपासून वरपर्यंत चढायच्या आणि उतरायच्या. उतरताना तर डोळ्यांत पाणी यायचं त्यांच्या. मी म्हटलं, आजी, या वयात कशाला जीव काढता? तर म्हणाल्या, ‘लेक रव्वारी डोंगरावर नेती. जमलं तर काळजी मिटली म्हनली. बसून खानारी न्हाई म्या, हे कळलं मंजी ठिवून घेती.’ आणि केसरबाईंनी मला हसत विचारलं, मग झाल्या ना आजी पास?

मी तिथंच पायरीवर बसले. केसरबाई घाबरल्या, पाणी घेऊन आल्या. तू राहण्यासाठी चढत होतीस आणि मी तुला पाठवण्यासाठी चढवत होते. जेवढी चांगली चढत गेलीस तेवढी तू माझ्या घरातून बाहेर जात होतीस, आणि वळून वळून मलाच विचारत होतीस, बघतीस ना? त्या दिवसापासून मला जिना चढवत नाही. भाजीची पिशवी खाली ठेवून कठड्याला हात लावते आणि तसाच काढून घेते.

आता ते टपरीवरचं वाक्य. मी म्हणाले होते, तसंही सुदर्शनला जरा अवघडल्यासारखं होतं गं, तो बोलून दाखवत नाही, पण जावयाच्या घरात सासूनं किती दिवस राहायचं. बाई, ते खोटं होतं. साफ खोटं. सुदर्शन असं कधी म्हणाला नाही, त्याच्या मनातही नव्हतं. तू गेल्यावर सगळ्यात जास्त तोच हिरमुसला आहे. अवघडले होते ती मी. जावयाचं नाव घेतलं की तू पुढं एक शब्द विचारणार नाहीस, हे मला माहीत होतं, म्हणून घेतलं. काल त्याला हे सगळं सांगितलं. त्यानं जेवणाचं ताट बाजूला सारलं. विचारलं, ‘आणि मामींनी ते खरं धरलं?’ मी रडायला लागले तर म्हणाला, माझ्यापुढं रडून काय उपयोग, मामींना सांग, आणि त्यांना ऐकू येईल असं सांग. म्हणून हे पत्र लिहिलंय. शनिवारी आम्ही दोघं येतोय. मला तुला परत आणायचं आहे, पण सगळं माहीत झाल्यावर तुला यावंसं वाटेल का, ते मला माहीत नाही. नसेल यायचं तर नको येऊस. मग मी तिथं राहीन, रजा मागून घेतलीय, गुडघा दाखवून आणू. दादालाही मी खरं काय ते कळवलंय. फक्त एक कर. सुदर्शनशी बोल, त्याचा काही दोष नाही. आणि माझ्यावर रागव. आप्पा गेल्यापासून तू कुणावरच रागावली नाहीस, ना चाकणला, ना माझ्याकडं. ज्यांच्या दारात राहायचं त्यांच्यावर कसं रागवायचं, म्हणून गिळत राहिलीस. आता तू तुझ्या घरात आहेस, बाई. मला उंबऱ्याबाहेर उभी कर आणि पोटभर बोल. सगळं ऐकून झाल्याशिवाय मी आत पाऊल टाकणार नाही.

तुझीच,
ज्ञानू